कर्णबंध ते जैवमुद्रण : सजीव ऊती आणि यंत्र यांचे संधान

गेल्या पावसाळ्यात एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन चिकित्सालयात आल्या. मुलाचा उजवा कान जन्मतःच अपुरा होता. कर्णपाळीच्या जागी मांसाची एक लहानशी वळी आणि कर्णमार्गाचे मुख बंद. डावा कान उत्तम. बाईंनी पिशवीतून घडी घातलेले वृत्तपत्राचे कात्रण काढून पुढे ठेवले. अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसविल्याची ती बातमी होती. “डॉक्टर, असा कान आपल्याकडे कधी मिळेल? आणि तोवर याला काही औषध देता येईल का?” असे दोन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कठीण नव्हते. गर्भावस्थेत जो अवयव घडलाच नाही, तो औषधाने घडत नाही. हे स्पष्ट सांगणे वैद्याचे कर्तव्यच होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मजजवळ नव्हते. ते शोधताना जे वाचनात आले, त्यातील आपल्या व्यवसायबंधूंच्या व औषधनिर्मात्यांच्या उपयोगाचा भाग या लेखात मांडीत आहे.

संधानाची आपली परंपरा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय, कर्णव्यधबंधविधी, आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. नेमिसंधानकापासून काकौष्ठकापर्यंत पंधरा कर्णबंध त्यात सांगितले आहेत. परीक्षेसाठी आपण ती नावे पाठ केली. परंतु त्यामागील शस्त्रविचाराकडे पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे. ज्याला कर्णपाळीच नाही, त्याच्या गालावरील मांस उचलून पाळी घडवावी. मात्र ते मांस मूळ जागेपासून पूर्णपणे तोडू नये, ते सानुबंध व जिवंत असावे, असा तेथे निर्देश आहे. नासासंधानातही प्रथम झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून उचलावी, नाकपुड्यांच्या जागी दोन नळ्या बसवाव्यात, असा क्रम आहे.

या विद्येचा एक धागा आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचा खाली वळवून नवे नाक घडविले. नाकाचे माप त्याने मेणाच्या पातळ पत्र्याने घेतले होते. हे वृत्त वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात नासासंधानाचे पुनरुज्जीवन झाले.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे अवयवाचे अचूक माप. मग ते पानाने घ्या वा मेणाने. दुसरी म्हणजे लावलेले मांस जिवंत राहील अशी रक्ताची सोय. आजचे सारे जैवमुद्रण याच दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न त्याने बराचसा सोडविला आहे. दुसऱ्यापाशी ते अद्याप अडलेले आहे.

मुद्रण म्हणजे नेमके काय?

चार्ल्स हल या अमेरिकन अभियंत्याने १९८४ मध्ये त्रिमित मुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९८६ मध्ये ते त्यास मिळाले. द्रव राळेचे थर प्रकाशाने कठीण करीत एकावर एक रचावयाचे, ही त्याची युक्ती. १९८८ मध्ये रॉबर्ट क्लेब यांनी साध्या इंकजेट मुद्रकाने पेशींना धरून ठेवणारे प्रथिन हव्या त्या आकृतीत मांडून दाखविले. पुढे २००३ च्या सुमारास क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी कार्यालयीन मुद्रकात फेरफार करून शाईच्या जागी चक्क जिवंत पेशी भरल्या. मुद्रकातून बाहेर पडल्यावरही त्यांतील बहुतांश पेशी जिवंत राहिल्या. जैवमुद्रणाचा खरा आरंभ येथून मानता येईल.

आज प्रामुख्याने तीन पद्धती रूढ आहेत. पहिली थेंबाथेंबाने फवारण्याची, दुसरी पिचकारीसारख्या नळीतून दाब देऊन धार सोडण्याची आणि तिसरी प्रकाश वा लेसर यांच्या साहाय्याने द्रव गोठविण्याची. जी वापरतात ती ‘जैवशाई’ म्हणजे पेशी आणि त्यांना आधार देणारा मृदू गर यांचे मिश्रण. हा गर समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचा, जिलेटिनचा, कोलॅजेनचा किंवा फायब्रिनचा असतो. यांतील अल्जिनेट व जिलेटिन आपल्या औषधनिर्मात्यांना अपरिचित नाहीत. अल्जिनेटच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड मिळविताच त्याचा गर जमतो. या साध्या गुणाचा येथे मोठा उपयोग होतो.

गर कसा जमला पाहिजे, हे अवलेह करणाऱ्यास निराळे सांगावे लागणार नाही. पाक पातळ राहिला तर छापलेली रेघ पसरते. दाट झाला तर नळीतून ढकलताना इतका दाब पडतो की पेशी घर्षणानेच मरतात. नळीत असताना वाहणारा आणि बाहेर पडताच आपली जागा धरणारा असा मधला पाक साधावा लागतो. छापून झाल्यावरही काम संपत नाही. ती रचना पोषकद्रवात, शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानात, कित्येक दिवस वा आठवडे सांभाळावी लागते. तेव्हा कुठे पेशी परस्परांशी जुळून ऊतीचे रूप घेतात. म्हणून ‘छापला आणि बसविला’ हे वर्णन बातमीपुरते ठीक. प्रत्यक्षात हे काम मुद्रणालयापेक्षा रोपवाटिकेच्या अधिक जवळचे आहे.

प्रिन्स्टनचा कान

जिवंत ऊती आणि विद्युत्यंत्र एकत्र छापण्याचे सर्वांत बोलके उदाहरण कानाचेच आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल मॅकअल्पाइन व मनू मन्नूर यांच्या गटाने एक कान छापला. त्यात वासराच्या तरुणास्थीतील पेशी अल्जिनेटच्या गरात मिसळून कर्णाकृती रचना केली होती आणि त्याच वेळी, त्याच मुद्रकाने, चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या सिलिकोनचे वेटोळे आत गुंफले होते. दहा आठवडे पोषकद्रवात वाढविल्यावर वेटोळ्याभोवती तरुणास्थी तयार झाली.

हा कान ऐकतो, असे त्या वेळी पुष्कळ ठिकाणी छापून आले. ते अर्धसत्य होय. ते वेटोळे वस्तुतः रेडिओलहरी पकडणारी तार होती. मानवी कानाला अगम्य अशा उच्च कंप्रतेचे संकेत ते घेत असे. उजवा व डावा असे दोन कान करून संशोधकांनी त्यांच्याद्वारे बेथोव्हेनची एक रचना ग्रहण करून दाखविली. परंतु तो कान कोणाही मनुष्याच्या श्रवणनाडीस जोडलेला नव्हता. या प्रयोगाचे महत्त्व वेगळे आहे. विद्युत्साहित्य सपाट व कठीण पत्र्यावर घडविले जाते, तर ऊती मृदू व गोलाईच्या असतात. हे दोन विजातीय पदार्थ नंतर चिकटविण्याऐवजी आरंभापासून एकत्र वाढविता येतात, एवढे त्याने सिद्ध केले.

कात्रणातील कान निराळा. जून २०२२ मध्ये एका अमेरिकन कंपनीने जाहीर केले की, टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे जन्मतः अपुरा कान असलेल्या वीस वर्षांच्या तरुणीस तिच्याच तरुणास्थीपेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसविण्यात आला. तो मर्यादित रुग्णांवरील चाचणीचा भाग होता आणि त्याचा हेतू आकारापुरता होता. श्रवणाचा त्यात संबंध नव्हता. बाईंना मी हा भेद प्रथम समजावून सांगितला.

त्वचेवर छापलेली यंत्रे

अंगावर वागवावयाची उपकरणे आता आपल्या रुग्णांतही दिसू लागली आहेत. दंडावर नाण्याएवढी चकती लावून येणारा प्रमेही रुग्ण शहरात तरी नवलाचा राहिलेला नाही. त्या चकतीखालील केसाएवढी तार त्वचेखालील द्रवातील शर्करा मोजते. पण शरीर त्या तारेला परकेच मानते. तिच्याभोवती शोथ होतो, पुढे तंतुमय आवरण चढते आणि वाचन बिघडते. अशा चकत्या ठरावीक दिवसांनी बदलाव्या लागतात, त्याचे हेही एक कारण आहे. यंत्राचा शरीराकडील भागच ऊतीसारखा मृदू करता आला तर शरीर त्यास अधिक काळ सामावून घेईल, ही जैवमुद्रणामागील आशा.

या दिशेचे दोन प्रयोग सांगण्याजोगे आहेत. मॅकअल्पाइन पुढे मिनेसोटा विद्यापीठात गेले. तेथे २०१८ मध्ये त्यांच्या गटाने थेट माणसाच्या हातावर विद्युत्मंडल छापले. हात हलला तर कॅमेऱ्याने ती हालचाल टिपून मुद्रक आपली दिशा बदलीत असे. शाईत चांदीचे पापुद्रे होते आणि ती सामान्य तापमानात वाळत असल्याने त्वचेस भाजत नव्हती. काम झाले की चिमट्याने सोलून वा पाण्याने धुऊन ती काढता येई. त्याच यंत्राने त्यांनी उंदराच्या त्वचेवरील व्रणावर पेशीयुक्त गरही छापला.

दुसरा प्रयोग मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील, २०१७ चा. झुआनहे झाओ यांच्या गटाने जनुकीय बदल केलेले जिवाणू पोषक गरात मिसळून झाडाच्या आकृतीचे एक ‘जिवंत गोंदण’ छापले. त्वचेवर आधी लावलेल्या विशिष्ट रसायनाशी संबंध येताच आकृतीची संबंधित फांदी उजळत असे. येथे विजेरी नाही, तार नाही, जिवाणूच संवेदक. त्याच वर्षी झुरिक येथील संशोधकांनी सेल्युलोज निर्माण करणारे जिवाणू बाहुलीच्या चेहऱ्यावर छापून त्यांच्याकडून चेहऱ्याच्या घडणीबरहुकूम पातळ पापुद्रा तयार करविला. व्रणबंधनाच्या दृष्टीने ही कल्पना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मात्र जनुकीय बदल केलेले जिवाणू रुग्णाच्या त्वचेवर सोडण्यापूर्वी ते तेथून निसटणार नाहीत याची हमी लागेल.

स्नायूंवर चालणारे यंत्र

इलिनॉय विद्यापीठात रशीद बशीर यांच्या गटाने २०१४ मध्ये मृदू गराचा लहानसा सांगाडा छापून त्याच्या दोन पायांमध्ये कंकालस्नायूची पट्टी वाढविली. विजेचा झटका दिला की स्नायू आकुंचन पावे आणि ते सेंटिमीटरपेक्षाही लहान ‘यंत्र’ सरकत पुढे जाई. टोकियो विद्यापीठात शोजी ताकेउची यांनी २०२२ मध्ये यंत्रमानवाच्या बोटावर मानवी पेशींची त्वचा चढविली. तिला कापले असता कोलॅजेनचा पापुद्रा लावून ती भरूनही आली. ही त्वचा छापलेली नव्हती, साच्यात ओतून वाढविलेली होती. तरी कृत्रिम हाताला खरी त्वचा लाभण्याच्या दृष्टीने ती याच वाटेवरील आहे.

चिकित्सेच्या अधिक जवळचे उदाहरण हार्वर्ड येथील. २०१६ मध्ये तेथील गटाने हृदयपेशींसाठी एक पट्टिका संपूर्णपणे छापून तयार केली. तिच्यात मृदू संवेदक आधीच गुंफलेले होते. तिच्यावर वाढलेल्या हृदयऊतीचे प्रत्येक आकुंचन किती बळाचे, हे ते संवेदक आठवडेच्या आठवडे आपोआप नोंदवीत. औषधाचा हृदयावर होणारा परिणाम मोजण्यास अशी पट्टिका उपयोगी पडते.

अडते कोठे?

पुन्हा सुश्रुतांच्या ‘सानुबंध’ या अटीकडे यावे लागते. रक्तवाहिनीपासून पेशी साधारण १०० ते २०० मायक्रॉनहून दूर गेली की तिला प्राणवायू व पोषण पुरेसे पोहोचत नाही. म्हणून छापलेली ऊती जाड झाली की आतून मरू लागते. तरुणास्थीचा कान आधी साधला, याचे कारण हेच. तरुणास्थीत रक्तवाहिन्या नसतात व तिचे भागते थोडक्यात. २०१६ मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठात अँथनी अटाला यांच्या गटाने रचनेतच सूक्ष्म वाहिका ठेवून मानवी आकाराचा कान छापला. उंदराच्या त्वचेखाली तो दोन महिने आकार राखून राहिला. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठात ताल द्वीर यांनी मनुष्याच्या पेशींपासून रक्तवाहिन्यांसह एक हृदय छापले. पण ते सशाच्या हृदयाएवढे आणि रक्त फेकण्यास असमर्थ होते. यकृत किंवा वृक्क यांच्यासारखा संपूर्ण अवयव छापून माणसास बसविणे अद्याप दूर आहे.

आपल्या देशात २०२२ मध्ये हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र यांनी मिळून मानवी नेत्रऊतीपासून काढलेल्या गराचा स्वच्छमंडल छापून सशाच्या डोळ्यात बसविला. स्वच्छमंडलातही रक्तवाहिन्या नसतात, हे येथे लक्षात यावे.

औषधनिर्मात्यांनी काय घ्यावे?

आपल्या व्यवसायाशी या विद्येचा सर्वांत निकट संबंध अवयव बसविण्यात नसून औषधे तपासण्यात आहे. २०१४ मध्ये ऑर्गनोव्हो या अमेरिकन कंपनीने छापलेली यकृतऊती चाचणीसाठी उपलब्ध केली. ट्रोव्हाफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक यकृतघाती ठरल्याने मागे पडले होते. या ऊतीने त्याचा घातकपणा ओळखला आणि त्याच वर्गातील निर्धोक औषधापासून तो वेगळा काढला. २०१५ मध्ये बंगळूरच्या एका कंपनीनेही यकृतऊती तयार केल्याचे जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये भारत सरकारने नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरील चाचण्यांसोबत अशा मानवी पेशींवर आधारित पद्धतींनाही स्थान दिले. आपल्या औषधांचा परवाना वेगळ्या नियमाखाली, १५८-ब खाली येतो. तरी वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत हे ओळखावे.

गुळवेलीचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुडूची निर्धोक असून तिच्यासारखी दिसणारी क्रिस्पा ही जाती घातक असू शकते, असे म्हटले. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा वृत्तांत दिला. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवसांत रुग्णांच्या प्रश्नांना तोंड दिले आहे. आपल्या हाती परंपरेचा आधार होता, अनुभव होता. पण या विशिष्ट पिशवीतील हे विशिष्ट चूर्ण मानवी यकृतपेशींवर काय करते, याचे मोजमाप नव्हते.

छापलेली यकृतऊती हे मोजमाप देईल काय? काही अंशी देईल. परंतु येथेही डोळसपणा हवा. काढा थेट पेशींवर ओतणे म्हणजे तो मनुष्यास पाजणे नव्हे. जठराग्नीचे संस्कार, आतड्यांतील जिवाणूंची क्रिया, शोषण या साऱ्या पायऱ्या त्यात वगळल्या जातात. हिरडा, बाभूळ यांसारख्या कषायरसप्रधान द्रव्यांतील टॅनिने पेशींच्या प्रथिनांना आवळतात व चाचणीचा रंगच बिघडवितात, त्यामुळे निर्दोष द्रव्यही दोषी दिसू शकते. उलट बाजूही आहे. गुळवेलीच्या प्रकरणातील अनेक रुग्णांत व्याधिप्रतिकारशक्तीच स्वतःच्या यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. ज्या छापील ऊतीत प्रतिकारपेशीच नाहीत, ती असा दोष दाखवू शकणार नाही. तेव्हा ऊतीने निर्वाळा दिला म्हणून जाहिरात आणि दोष दाखविला म्हणून गहजब, ही दोन्ही टोके टाळावीत.

लहान औषधशाळांना स्वतः मुद्रक घेण्याची आवश्यकता नाही. पण आज करता येईल असे एक काम आहे: प्रत्येक घाण्याचे द्रव्यनमुने, वनस्पतीच्या जातीच्या खात्रीसह, जपून ठेवणे. उद्या चाचणी सुलभ झाली, वा कोणी बोट दाखविले, तर तपासावयास नमुना तरी हाती असेल.

चिकित्सालयात घ्यावयाची काळजी

संधानाच्या मोठ्या गोष्टी दूर असल्या तरी अंगावर वा अंगात यंत्र बाळगणारा रुग्ण आज आपल्या पंचकर्मकक्षात येतो. अभ्यंगापूर्वी शर्करामापकाची चकती कोठे आहे ते विचारावे. तैलाने ती सुटते. स्वेदनाच्या उष्णतेबाबत उपकरणासोबतचे सूचनापत्रक पाहावे. मोठ्या मात्रेतील ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, काही संवेदकांचे वाचन खोटेच वाढवून दाखविते. रुग्ण अशा गोळ्या घेत असल्यास चकतीवरील आकडा पाहून औषधाची मात्रा ठरवू नये, रक्त तपासावे. हृदयात गतिकारक किंवा कानात शंकुयंत्र बसविलेल्या रुग्णावर विद्युत्लहरींची उपकरणे वापरू नयेत. आपल्या रुग्णपत्रिकेत ‘अंगावर वा शरीरात कोणते यंत्र आहे काय?’ हा प्रश्न आजच छापून घ्यावा.

आणखी एक सूचना, थोडी कटू. अशा बातम्या आल्या की ‘हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. सुश्रुतांनी पेशी छापल्या नाहीत. त्यांनी जिवंत मांस सांभाळून अवयव घडविला आणि त्याची रीत लिहून ठेवली. तेवढे श्रेय पुरेसे मोठे आहे. त्यावर खोटा मजला चढविला तर खरे तळघरही लोक संशयाने पाहतील. तसेच ‘मूळपेशी’, ‘ऊतीनिर्मिती’ असे शब्द वेष्टनावर छापून चूर्णे विकणाऱ्यांना आपण आपल्या कपाटात जागा देऊ नये.

त्या बाईंना मी जे सांगितले, ते असे. छापलेला कान आज आपल्याकडे नेहमीच्या उपचारात मिळत नाही. केव्हा मिळेल ते सांगता येत नाही. परंतु बरगडीच्या तरुणास्थीतून शल्यचिकित्सक हाताने कान कोरतात, ती शस्त्रक्रिया आजही होते आणि साधारणतः आठ-दहा वर्षांच्या सुमारास करतात. म्हणजे वेळ हातची गेलेली नाही. त्याआधी श्रवणपरीक्षा करून घ्यावी. कर्णमार्ग बंद असला तरी आतील श्रवणेंद्रिय चांगले असू शकते, आणि तसे असल्यास डोक्यास बांधावयाच्या पट्ट्यावरील अस्थिवाहक यंत्राने ध्वनी हाडातून आत पोहोचविता येतो. कान दिसण्याची चिंता आईला होती. वर्गात उजवीकडून हाक मारली तर मुलाला कळत नाही, हे तिने विचारल्यावरच सांगितले.

श्रवणतज्ज्ञाकडे मी पत्र दिले. दोन महिन्यांनी मुलगा डोक्याला निळा पट्टा बांधून पुन्हा आला. त्याच्या उजव्या अंगाला उभे राहून मी हळूच नाव घेतले. त्याने मान वळवली.